कारखान्याचे छप्पर आणि कायद्यातील फट

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशभर अमलात आल्या आणि राजधानीत दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळलेल्या एका विषयाचा निकाल लागला. २००२ मध्ये रवींद्र वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाने विखुरलेल्या कामगार कायद्यांचे एकत्रीकरण सुचवले होते. तेव्हापासून ही फाइल श्रम मंत्रालय, संसदेची स्थायी समिती आणि सरकार, मालक व कामगार यांच्या त्रिपक्षीय बैठका यांतून फिरत राहिली. अंमलबजावणी जाहीर होताच अपेक्षेप्रमाणे तट पडले. उद्योग संघटनांनी स्वागत केले. बहुतेक केंद्रीय कामगार संघटना विरोधात उभ्या राहिल्या. भारतीय मजदूर संघाने वेतन व सामाजिक सुरक्षा या दोन संहितांना पाठिंबा देऊन उरलेल्या दोहोंतील काही तरतुदींवरचे आक्षेप कायम ठेवले. वादाचे मुद्देही ठरलेले होते : कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर जाणे, संपापूर्वीची चौदा दिवसांची नोटीस आणि ठराविक मुदतीच्या नेमणुका.

या गदारोळात ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०’ मागे पडली. वस्तुतः कामगाराचा जीव वाचवण्याचे काम याच संहितेकडे सोपवलेले आहे. १९४८ चा कारखाने अधिनियम, १९७० चा कंत्राटी कामगार अधिनियम, १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम आणि १९९६ चा बांधकाम कामगार अधिनियम यांसह तेरा कायदे तिने पोटात घेतले आहेत. इतके कायदे एकत्र आल्यावर त्यांच्यामधल्या फटी बुजतील अशी अपेक्षा कोणीही करील. ती अपेक्षा कितपत पुरी झाली हे पाहण्यासाठी एक नित्याचे, कोणाच्या फारसे लक्षात न येणारे काम तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. ते काम म्हणजे चालू कारखान्याच्या छपराची दुरुस्ती.

पावसाळ्याआधीची घाई

मे महिन्याच्या उत्तरार्धात ठाणे-तळोज्यापासून वापी-अंकलेश्वरपर्यंत आणि जूनमध्ये फरिदाबाद, ओखला, बवाना, लुधियाना या पट्ट्यांत कारखान्यांच्या छपरांवर माणसे दिसू लागतात. फुटलेला पत्रा बदलणे, पन्हळीत साचलेला गाळ काढणे, गंजलेले हुक व वॉशर बदलणे, सांधे बुजवणे, वाऱ्यावर फिरणारे व्हेंटिलेटर बसवणे अशी ही कामे असतात. एकेक काम दोन-चार दिवसांचे. त्यासाठी कोणताही कारखाना स्वतःची माणसे बाळगत नाही. पत्र्याची कामे घेणाऱ्या ठेकेदाराला निरोप जातो आणि तो तीन-चार माणसे घेऊन हजर होतो. ही माणसे बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातून वा दुसऱ्या राज्यातून आलेली असतात. फाटकावरच्या वहीत त्यांची नावे चढतात, हजेरीपटावर चढत नाहीत. कोणता पत्रा जुना, कोणता कमकुवत, खाली कोणते यंत्र चालू आहे, याची माहिती कारखान्यातल्या कर्मचाऱ्याला असते. वर चढणाऱ्याला नसते.

धोका नेमका येथे आहे. आपल्याकडील जुन्या शेडवर प्रामुख्याने अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पन्हळी पत्रे आहेत. नवा असतानाही हा पत्रा माणसाचे वजन पेलण्यासाठी बनवलेला नसतो. ऊन, पाऊस, शेवाळ आणि कारखान्यातल्या वाफा यांनी तो वर्षानुवर्षे अधिक ठिसूळ होत जातो. मधूनमधून उजेडासाठी फायबरचे अर्धपारदर्शक पत्रे बसवलेले असतात. त्यांवर धूळ बसली, किंवा गळती थांबवण्यासाठी सगळ्या छपरावर एकच रंग मारला, की वरून पाहणाऱ्याला ते वेगळे ओळखू येत नाहीत. हुकांच्या ओळीवर, म्हणजे खालच्या पर्लिनवर पाय ठेवून चालले तर पत्रा मोडत नाही, असे जुने कारागीर नव्यांना सांगतात. तोल सांभाळण्यासाठी पाय जरासा बाजूला पडला की हा सल्ला कुचकामी ठरतो. पत्रा फुटताना आधी कुरकुरेल, मग वाकेल, असेही होत नाही. तो एकदम तुटतो. सहा मीटर उंचीवरून जमिनीवर पोहोचण्यास सुमारे एक सेकंद लागतो आणि त्या वेळी माणसाचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास असतो. खाली यंत्रे, लोखंडी रॅक अथवा काँक्रीटची जमीन असते.

यावरचा उपाय अवजड नाही. शक्य असेल ते काम खालून, उचलत्या फलाटावरून वा पाडावरून करावे. वर जाणे अटळच असेल तर पर्लिनवर भक्कम टेकलेल्या फळ्या व छपरावरच्या शिड्या वापराव्यात, खाली जाळी बांधावी, कडेला कठडा असावा, आणि सुरक्षापट्टा अडकवण्यासाठी मजबूत दोरी आधीच बांधलेली असावी. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. अंगावर पट्टा आणि तो अडकवायला काहीच नाही, हे दृश्य आपल्याकडे सर्रास दिसते. तपासणीच्या छायाचित्रात पट्टा दिसतो आणि कागद पूर्ण होतो.

कायदा काय म्हणतो

या कामाबाबत कायदा मुळीच नव्हता, असे म्हणता येणार नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३२ व्या कलमात, कोणत्याही व्यक्तीला पडण्याचा संभव असलेल्या उंचीवर काम करावे लागत असेल तर तिच्या सुरक्षिततेसाठी शक्य तितपत कठडा वा अन्य व्यवस्था केली पाहिजे, असे बंधन होते. अनेक राज्यांच्या कारखाने नियमांत त्याहून स्पष्ट तरतूद आहे. ठिसूळ छपरातून तीन मीटरहून अधिक खाली पडण्याचा संभव असेल, तर पुरेशा शिड्या व सरपटण्याच्या फळ्यांवाचून कोणालाही त्यावर चढवू नये, आणि कारखान्यातील जबाबदार व्यक्तीने प्रत्येक वेळी लेखी परवाना दिल्यावाचून काम सुरू करू नये, असा हा नियम. यातला ‘कोणतीही व्यक्ती’ हा शब्दप्रयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. हजेरीपटावरचा कामगार असो वा ठेकेदाराचा रोजंदार, कायद्याने येथे भेद केलेला नव्हता. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कंपनीच्या बाबतीत संचालकालाच ‘भोगवटादार’ मानले आणि सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी त्याच्यावर टाकली. जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था वैध ठरवली. म्हणजे कागदावर जबाबदारीचा धागा थेट संचालक मंडळापर्यंत पोहोचत होता.

तथापि, व्यवहारात हा धागा तीन ठिकाणी तुटत आला आहे.

पहिली तूट बांधकाम कायद्याशी असलेल्या सीमेवर आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार अधिनियमाखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत तीव्र उताराची छपरे, पाड, शिड्या, सुरक्षाजाळ्या यांविषयी तपशीलवार प्रकरणे होती. परंतु कारखाने अधिनियम लागू असलेले बांधकाम या कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेले होते. लॅन्को अनपारा प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सीमेचा उलगडा केला. उत्पादन सुरू होण्यापूर्वी कारखान्याची उभारणी करणाऱ्या मजुरांना कारखाने अधिनियम लागू होत नाही, सबब बांधकाम कामगारांच्या कायद्याचे संरक्षण त्यांना मिळाले पाहिजे, असा तो निकाल. मजुरांच्या दृष्टीने तो न्याय्यच होता. पण त्यातून निघणारी दुसरी गोष्ट फारशी चर्चिली गेली नाही. यंत्रे सुरू होण्याच्या आदल्या दिवशी छपरावर असलेला मजूर बांधकाम कायद्याच्या छत्राखाली असतो. उत्पादन सुरू झाल्यावर त्याच छपरावर, तेच काम करण्यासाठी चढलेला तोच मजूर त्या छत्राबाहेर जातो. २०२० च्या संहितेत दोन्ही कायदे विलीन झाले, पण ‘बांधकाम’ या संज्ञेतून कारखाना व खाण यांच्याशी संबंधित काम वगळण्याची पद्धत तशीच राहिली.

दुसरी तूट कंत्राटाची आहे. संहितेच्या ५७ व्या कलमाने आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली, आणि गाभ्याबाहेरची कामे कोणती याची यादी संहितेच्या व्याख्येत दिली. त्या यादीत स्वच्छता, पहारा, उपाहारगृह यांच्या जोडीला स्थापत्य व बांधकामाची कामे, देखभालीसह, अशी नोंद आहे. अधूनमधून उद्भवणारी कामेही तीत आहेत. छपराची दुरुस्ती दोन्ही वर्णनांत बसते. कोणताही कारखाना पत्रे बदलण्यासाठी कायमची माणसे ठेवू शकत नाही, तेव्हा या सवलतीला हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र त्याच संहितेत कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासवर नेण्यात आली. चार माणसे घेऊन येणारा पत्र्याचा ठेकेदार पूर्वीही परवान्याच्या कक्षेत येत नव्हता. आता तर तो त्या कक्षेपासून कितीतरी दूर गेला आहे. गाभ्याबाहेरचे काम, मर्यादेबाहेरचा ठेकेदार आणि हजेरीपटाबाहेरचा माणूस अशी ही साखळी आहे.

तिसरी तूट अपघातानंतर दिसते. सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झालेल्या १९२३ च्या भरपाई कायद्याने ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मूळ मालकावर टाकली खरी, पण ते काम मालकाच्या धंद्याचा ‘सर्वसाधारणपणे भाग’ असलेले हवे, अशी अट घातली. सूत काढणे किंवा औषधे बनवणे हा ज्याचा धंदा, त्याच्या वकिलाला छपराची दुरुस्ती हा आपल्या अशिलाच्या धंद्याचा भाग नाही, असा युक्तिवाद करण्यास येथे वाव मिळतो. राज्य विमा योजनेच्या बाबतीत न्यायालयांनी अधिक उदार दृष्टी ठेवली आहे. कारखान्याच्या विस्तारासाठी इमारत बांधणारे हंगामी मजूरही कर्मचारीच होत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये साउथ इंडिया फ्लोअर मिल्स प्रकरणात ठरवले. पण असे निकाल वर्षानुवर्षे दावे लढवणाऱ्या महामंडळाच्या उपयोगाचे असतात. गावाकडून मृतदेह न्यायला आलेल्या भावाला ते ठाऊक नसतात. ठेकेदार देऊ करतो ती रक्कम घेऊन तो परततो.

तपशील कायद्यातून मानकांत

नव्या संहितेच्या बाजूने काहीच बोलण्यासारखे नाही, असे मानणे अन्यायाचे होईल. कामगाराला नेमणूकपत्र देणे तिने बंधनकारक केले आहे. कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू ओढवला तर दोन वर्षांपर्यंत कैद अथवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे, आणि त्या दंडातील किमान निम्मी रक्कम मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. जुन्या कायद्यात मृत्यूच्या प्रकरणी दंडाची किमान मर्यादा पंचवीस हजार रुपये होती. दुसऱ्या राज्यातून ठेकेदाराशिवाय, स्वतःहून आलेल्या कामगारालाही नव्या संहितेने स्थलांतरिताच्या व्याख्येत घेतले आहे. १९७९ च्या कायद्यात ही सोय नव्हती. या सुधारणा खऱ्या आहेत.

पण संहितेच्या रचनेतच एक मोठा बदल आहे आणि छपराच्या प्रश्नाचे भवितव्य त्यावर अवलंबून आहे. १९४८ च्या कायद्यात यंत्राला कुंपण, जिना, उंचीवरचे काम, खड्डे, वजन उचलणे यांविषयीची बंधने संसदेने स्वतः कलमांत लिहिली होती. नव्या संहितेने मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये तेवढी कायद्यात ठेवली आणि बाकीचा तपशील केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे जाहीर करावयाच्या मानकांवर सोपवला. तंत्रज्ञान बदलते, दर वेळी संसदेकडे जाणे व्यवहार्य नसते, हा सरकारचा युक्तिवाद रास्त आहे. मात्र याचा अर्थ असाही होतो, की ३२ व्या कलमाने दिलेले संरक्षण आता कायद्याच्या पुस्तकात नसून अधिकाऱ्यांच्या मसुद्यात असणार. संक्रमणकाळात विसंगत नसलेले जुने नियम चालू राहण्याची सोय संहितेत आहे; परंतु ही सोय म्हणजे कायमचा बंदोबस्त नव्हे.

‘कारखाना’ या संज्ञेचा उंबरठाही वर गेला आहे. विजेवर चालणाऱ्या उद्योगात पूर्वी दहा कामगार असले की कारखाना होत असे, आता वीस लागतात. विजेवाचून चालणाऱ्या उद्योगात वीसचे चाळीस झाले. दहा ते एकोणीस कामगारांचे युनिट ‘आस्थापना’ म्हणून सर्वसाधारण कर्तव्यांना बांधलेले राहते, पण कारखान्यासाठीची खास बंधने त्याला लागू होत नाहीत. वझीरपूर किंवा भोसरीच्या गल्लीतल्या अशा युनिटांची छपरे मोठ्या कारखान्यांच्या छपरांपेक्षा जुनी आणि अधिक ठिगळे लावलेली असतात. कामगारांच्या संख्येवरून कायद्याचा पल्ला ठरवण्याची पद्धत इतर बाबतींत सोयीची असेल. पत्रा मात्र खाली किती माणसे काम करतात हे पाहून फुटत नाही.

तपासणीचेही असेच आहे. ‘निरीक्षक’ या पदाचे रूपांतर ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ असे झाले असून कोणत्या आस्थापनेची तपासणी कोणी करावी हे संगणक ठरवणार आहे. निरीक्षकांच्या मनमानीला आळा बसावा हा त्यामागचा हेतू चुकीचा नाही. परंतु छपराचे काम दोन दिवस चालते आणि संपते. संगणकाने काढलेली पाळी त्या दोन दिवसांत येण्याची शक्यता नगण्य आहे. पूर्वसूचनेवाचून कारखान्यात प्रवेश करण्याचा निरीक्षकाचा अधिकार मान्य करणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ क्रमांकाचा करार भारताने १९४९ मध्येच स्वीकारला आहे. तो अधिकार या कामासाठी उपयोगी पडावयाचा असेल तर छपरावर काम होणार आहे हे निरीक्षकाला आधी कळण्याची व्यवस्था हवी. तशी ती आज नाही.

मृत्यू कोणत्या रकान्यात?

कारखाना सल्ला सेवा व श्रमसंस्था महासंचालनालयाचे मुख्यालय मुंबईत शीव येथे आहे. राज्यांकडून येणारी कारखान्यांतील अपघातांची आकडेवारी तेथे एकत्र होते. माहिती अधिकारात पुढे आलेल्या त्याच्या आकड्यांनुसार २०१७ ते २०२० या काळात देशातील नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी अकराशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले, म्हणजे दिवसाला तीन. हे आकडे फक्त नोंदणीकृत कारखान्यांचे, आणि राज्यांनी कळवलेल्या अपघातांचे आहेत.

छपरावरून पडलेला माणूस या आकड्यांत येतोच, याची हमी देता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात अपघाती मृत्यूंचे ‘कारखाना व यंत्रांचे अपघात’ आणि ‘उंचीवरून पडणे’ असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. कारखान्याच्या छपरातून पडलेला मजूर पोलीस ठाण्यातील हवालदाराच्या समजुतीनुसार यांपैकी कोणत्याही एका रकान्यात जाऊ शकतो. ठेकेदाराचा माणूस म्हणून कारखान्याने त्याची नोंद टाळली, तर कामगार खात्याच्या हिशेबातून तो सुटतो. ब्रिटनमध्ये बांधकाम क्षेत्रात उंचीवरून पडून होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास पाचवा हिस्सा ठिसूळ पृष्ठभागातून पडण्यामुळे होतो, असे तेथील सुरक्षा यंत्रणा सांगू शकते, कारण ती या मृत्यूंची वेगळी मोजणी करते. त्याच मोजणीच्या आधारे तेथे २००५ चे उंचीवरील कामाचे नियम राबवले जातात. उंचीवरचे काम टाळता आले तर टाळा, नाहीतर पडणे रोखा, तेही जमले नाही तर पडल्याची इजा कमी करा, असा क्रम त्या नियमांनी घालून दिला. ही जबाबदारी ठेकेदारापुरती मर्यादित नाही. काम ज्याच्या नियंत्रणाखाली चालते त्या प्रत्येकावर ती टाकली गेली. आपल्या देशात धोरण नाही असे नाही. कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य व पर्यावरण यांविषयीचे राष्ट्रीय धोरण २००९ मध्येच जाहीर झाले. उणीव आहे ती मोजणीची, आणि जे मोजले जात नाही त्यासाठी सरकारी यंत्रणेत कोणी उत्तरदायी राहत नाही.

यात आणखी एक अदृश्य हानी आहे. जुना अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा फोडताना, कापताना, भोके पाडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते आणि तिचे परिणाम दिसण्यास काही दशके लागतात. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला होता. आज या शेडवर आणि उद्या त्या शेडवर पत्रे उतरवणाऱ्या मजुराची नोंद ठेवणार कोण, हा प्रश्न त्या आदेशानंतरही अनुत्तरित आहे.

सौरऊर्जेने वाढवलेली वर्दळ

हा प्रश्न आजच हाती घेण्यास एक नवे कारण आहे. आजवर छपरावर माणूस वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी चढत असे. आता कारखान्यांच्या विस्तीर्ण छपरांवर सौरपट्ट्या बसवल्या जात आहेत. वीजबिल कमी व्हावे म्हणून उद्योगांना, आणि स्वच्छ ऊर्जेचे लक्ष्य गाठावे म्हणून सरकारला त्या हव्या आहेत. पट्ट्यांवर धूळ बसली की वीज कमी मिळते. दिल्ली, हरियाणा, राजस्थान, गुजरातच्या धुळीत त्या वरचेवर धुवाव्या लागतात. म्हणजे पाण्याने ओले झालेल्या छपरावर, विजेच्या तारांच्या सान्निध्यात, दर महिन्याला वा पंधरवड्याला माणसे चढणार. छप्पर हे आता कायमचे कामाचे ठिकाण झाले आहे. सौरप्रकल्पाला संमती देताना विजेची क्षमता, जोडणी व मीटर यांची छाननी होते. त्याच अर्जात पट्ट्यांच्या ओळींमधून चालण्यासाठी कायमच्या फळ्या, कडेला कठडा, उजेडाच्या पत्र्यांवर जाळी आणि वर जाण्यासाठी पक्की शिडी यांची अट घालण्यास फारसा खर्च येणार नाही. पट्ट्या बसल्यानंतर हेच करायचे ठरवले तर ते महाग पडते, आणि म्हणून होत नाही.

कोणाचा माणूस?

राजकीयदृष्ट्या पाहता या माणसाला वाली नाही. ज्या कारखान्यात तो पडतो तेथील कामगार संघटनेचा तो सभासद नसतो. बांधकाम मजुरांच्या संघटनांच्या दृष्टीने तो कारखान्यातला असतो. ज्या मतदारसंघात तो राबतो तेथे त्याचे मत नसते आणि ज्या मतदारसंघात मत असते तेथे त्याच्या मृत्यूची बातमी पोहोचते तेव्हा ती केवळ एका घरापुरती असते. संसदेत हा विषय निघण्याचा प्रसंग २०२० च्या सप्टेंबरमध्ये होता. तेव्हा विरोधी पक्षांच्या बहिष्कारात राज्यसभेने तिन्ही श्रमसंहिता एकाच दिवशी मंजूर केल्या. त्यामुळे ‘बांधकामा’च्या व्याख्येतून कारखाना वगळण्याचे औचित्य काय, असा प्रश्न तेथे कसोशीने विचारला गेला नाही.

उद्योजकांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. छपराचे काम आम्हाला येत नाही म्हणूनच आम्ही जाणकाराला बोलावतो, मग त्याच्या पद्धतीची जबाबदारी आमच्यावर का, असे ते विचारतात. सकृद्दर्शनी हा प्रश्न सयुक्तिक वाटतो. परंतु छपराचे वय, त्यावरील पत्र्यांचा प्रकार, खालची यंत्रे व वीजवाहिन्या यांची माहिती मालकाखेरीज कोणाकडेही नसते. यंत्रे थांबवण्याचा, क्रेन बंद ठेवण्याचा, काम एक दिवस पुढे ढकलण्याचा अधिकारही त्याचाच असतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारतानाच फळ्या आणि जाळी यांचा खर्च कापला जातो, आणि तो निर्णयही त्याच्याच कचेरीत होतो. माहिती, अधिकार आणि पैसा ज्याच्याकडे, जबाबदारीही त्याच्याकडेच असावी, हे १९८७ च्या दुरुस्तीचेच तत्त्व आहे. नव्या व्यवस्थेत ते सैल होता कामा नये.

त्यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याची गरज नाही. केंद्राच्या मानकांत चालू कारखान्याच्या छपरावरील कामाला स्वतंत्र स्थान देता येईल आणि बांधकाम नियमांतील तपशील तेथे जसाच्या तसा आणता येईल. लेखी परवान्याची जुनी अट कायम ठेवून ती कामगारसंख्या वा ठेकेदाराचा परवाना यांवर अवलंबून राहणार नाही, एवढे एका वाक्यात स्पष्ट करता येईल. तो परवाना काम सुरू होण्यापूर्वी ऑनलाइन नोंदवण्याची अट घातली, तर तपासणीसाठी कोठे जावे हे संगणकालाही कळेल. ठिसूळ पत्रे व उजेडाचे पत्रे दाखवणारा छपराचा नकाशा शिडीपाशी लावणे कोणत्याही कारखान्याला एका दिवसात जमण्यासारखे आहे. अपघाताच्या अहवालात ‘छपरावरून वा छपरातून पडणे’ असा एक रकाना आणि मृत व्यक्ती कोणामार्फत कामावर आली याची नोंद, एवढी भर घातल्यास पाच वर्षांनी या प्रश्नावर अंदाजाऐवजी आकड्यांच्या आधारे बोलता येईल.

श्रम हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने केंद्राने मानके ठरवली तरी बहुतांश खासगी कारखान्यांत त्यांची अंमलबजावणी राज्यांनाच करायची आहे. महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची दीर्घ परंपरा आहे, आणि राज्याच्या औद्योगिक वसाहतींत जुन्या छपरांची संख्याही मोठी आहे. उद्योगांना परवाने सुलभ करण्याच्या स्पर्धेत राज्ये एकमेकांकडे पाहून नियम सैल करतात, हा अनुभव जुना आहे. तशाच प्रकारे एखाद्या राज्याने या बाबतीत नियम स्पष्ट केला तर इतरांना त्याचे अनुकरण करणेही सोपे जाईल.

१९४८ च्या कायद्यात संसदेने लिहिलेले ‘कोणतीही व्यक्ती’ हे दोन शब्द नव्या मानकांत उतरतात की नाहीत, याकडे म्हणूनच लक्ष ठेवले पाहिजे. मसुद्याच्या टिपणीत ते शब्द राखणे किंवा त्यांच्या जागी ‘आस्थापनेतील कामगार’ असे लिहिणे, हा कोणा अवर सचिवाच्या लेखणीचा प्रश्न आहे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी शिडी चढणाऱ्या माणसाचे संरक्षण त्या लेखणीवर अवलंबून आहे.